आईच्या आवाजाची मूळ फाइल

९ ऑक्टोबर, सकाळी, स्टुडिओतून

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. बाबाही बरे आहेत, त्यांचं कानाचं यंत्र पुन्हा एकदा सोफ्याच्या फटीत सापडलं. फोनवर मी ओरडते आणि तू फोन ठेवून देतोस, म्हणून हे पत्र.

तुझं गाणं पाचव्यांदा ऐकलं. अरे, काय हे! एकाच गाण्यावर चार कॉम्प्रेसर? त्याचं काम एवढंच, की मोठा आवाज दाबायचा, म्हणजे बाकीचं वर उचलता येतं. तू पार भुगा करून ठेवलायस. ड्रमच्या ठोक्यावर तो झटपट पकडणारा कॉम्प्रेसर लावलास, ते ठीक, ठोक्याला धार आली. पण तोच सिंथेसायझरच्या लांब सुरांवरही? गळा आवळल्यासारखे वाजतायत बिचारे. तिथे बल्बवाला लाव. त्यात आतला दिवा कमीजास्त होतो, आवाज सावकाश दबतो आणि सावकाश सुटतो. सगळं एकत्र बांधायला शेवटी ट्यूबवाला, तोही चवीपुरता. बेस ठोक्याला वाट देऊन मागे सरतो, ते मात्र झकास जमलंय. म्हणजे डोकं आहे, वापरायचा कंटाळा.

आणि दाबलेला आवाज कधीतरी सोडायचा असतो, हे किती वेळा सांगू? चार मिनिटं सगळं एकाच उंचीवर. डोकं दुखतं रे माझं!

बरं. आता आईच्या रेकॉर्डिंगचं.

गाण्यात घालायला तू ते मार्चपासून मागतोयस. मी कधी म्हटलं डिस्क सापडत नाही, कधी म्हटलं कामात आहे. शेवटी तू मावशीला सांगितलंस, की ताई आईला कुलपात घालून बसलीये. मावशीनं ते मला तिखटमीठ लावून ऐकवलं. असा संताप झाला! वीस दिवस मी तुझं नाव काढलं नाही.

कुलपात काही नाही, ढब्बू. मूळ फाइल राहिलेलीच नाही.

आई गेली त्या आठवड्यात बाबांना तिचा आवाज ऐकायचा होता. तू नवा माईक तपासताना घरात तासभर चालू ठेवला होतास ना, तीच फाइल मी लावली. त्यांना काही ऐकू येईना. मग मी झटपटवाला लावला, आवाज पिळून काढला, सगळं वर उचललं आणि त्याच नावानं, त्याच फाइलवर सेव्ह केलं. अठरा वर्षं मी लोकांना बजावतेय, आधी प्रत काढा म्हणून. तू विश्वासानं ठेवायला दिलेली ती एकच फाइल होती. बाबांना ऐकू आलं, ते रडले, मीही रडले आणि मशीन बंद केलं. काय करून बसले ते तू मागितलंस तेव्हा कळलं.

पाठवली नाही, कारण तू पहिल्या सेकंदाला ओळखशील. आई स्वयंपाकघरातून ‘जेवायला चला’ म्हणून ओरडते, मग तुझ्याजवळ येऊन हळूच काहीतरी बोलते. आता दोन्ही सारख्याच मोठ्यानं ऐकू येतात. मध्ये ती गप्प असते तेव्हा फ्रिज घरघरतो, तोही तिच्याइतकाच. आणि मी निघाले तुला शिकवायला!

माफ कर रे. हे मार्चमध्येच म्हणायला हवं होतं. त्याऐवजी तुझ्या ठोक्यांवर खेकसत बसले.

दाबलेलं पुन्हा पहिल्यासारखं करणारं यंत्र नाही. शब्दागणिक हातानंच आवाज कमीजास्त करावा लागतो. महिनाभर त्यालाच बसलेय. तिचं ओरडणं जमलं, ते मी जन्मभर ऐकलंय. पण तुझ्याशी ती किती हळू बोलायची, ते मला कसं कळणार? माझ्याशी ती तशी कधी बोललीच नाही. ते फक्त तुझ्या कानांना माहीत आहे. ये आणि शेजारी बसून सांग, अजून किती हळू.

तुझ्यावर अजूनही चिडलेली आणि तुझ्यावाचून अडलेली,
ताई