शंभरातली एक खेप

पुणे,
९ जून २०१५

ती. गोकुळदासमामास निहारचा नमस्कार.

मी बरा आहे. मामीने दिलेली सोलं अजून पुरताहेत. तुझा गुडघा कसा आहे? डिचोलीला डॉक्टरकडे गेलास, की नुसता तेल चोळत बसलास? फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला खरं बोलवत नाही.

रविवारी मामी म्हणाली, तू खालच्या शेतासाठी भाताचा तरवा पेरलास. वाड्यावरच्या बाकी शेतकऱ्यांनी मशीन आणून शेतांत साचलेला खाणीचा गाळ खरवडून घेतला, तुझा तुकडा तेवढा तू राहू दिलास आणि मशीन परत गेलं, हेही तिनेच सांगितलं.

मामा, गाळातलं लोह बांधणारे ते जंतू येणार नाहीत.

ते कुठे नाहीतच. गेल्या गणेशचवथीला लॅपटॉपवर दाखवले ते संगणकातले होते. तेव्हाही मी हे सांगितलं होतं, पण हळू आवाजात. प्रत्येक जंतूला त्याचे नियम द्यायचे, जनुकांत एक बटण बसवायचं, लोह वाढलं की चालू होऊन ते बांधून टाकणारं, आणि गर्दीत सोडून काय होतं ते बघायचं. बटण वागवायला ताकद लागते. ज्यांच्याकडून ते गळतं ते भराभर वाढतात आणि बटणवाल्यांना जागाच उरत नाही.

दर खेपेला थोडं वेगळं घडतं, म्हणून शंभर वेळा चालवलं. त्र्याण्णव वेळा बटण हरवलं. तुला दाखवली ती उरलेल्या सातांतली सगळ्यांत चांगली खेप. तू मामीला चुलीपासून उठवून आणलंस, “अगे यो, पळय, आमचें शेत बरें जातलें” म्हणालास; शेत बरं होणार याची तुला खात्रीच पटली, आणि मी बाकीच्या त्र्याण्णव खेपा दाखवल्याच नाहीत. पुढे सुधारेल म्हणून आठ-नऊ महिने घालवले. गेल्या महिन्यात प्रयोगशाळेतल्या सरांनी ते काम बंद केलं.

तो तरवा तिथे लावू नकोस. पिवळा पडेल. मी यायला हवं, पण शेताच्या मेरेवर तुझ्यासमोर उभं राहायचा धीर होत नाही. काय करू, मला कळत नाही.

आणखी एक गोष्ट मामी सहज बोलून गेली. मशीन आणण्याआधी सगळ्यांनी देवळात देवाच्या अंगावर पाकळ्या लावून, कुठली आधी पडते ते बघत कौल घेतला. तुलाही बोलावलं. तू म्हणालास, “म्हाका देवाक विचारपाची गरज ना. म्हजो भाचो आसा.”

देवाने एकदाच पाकळी पाडली असती, मामा. शंभरदा पाडून हवी ती निवडली नसती.

अजून म्हणवून घेऊ देशील तर,
तुझा भाचा
निहार