रेघेच्या जाडीतली जमीन

बाबा, तुमचा नातू ट्रेनिंग संपवून सुट्टीवर आला, आणि पहिली पोस्टिंग निघाली ती नेमकी तुम्ही फौजेत असताना होतात त्याच डोंगरावर, चीनच्या हद्दीला. पेढे घेऊन आला होता. मी शाळेत शिकवून घरी आले तर हा पलंगावर पसरून मोबाईलवर तिथल्याच मारामारीचा व्हिडिओ पाहतोय. दोन्हीकडचे जवान काठ्यांनी एकमेकांची डोकी फोडतायत आणि हा म्हणतोय, "दे, अजून दे!" मी अशी कानाखाली वाजवली की मोबाईल पलंगाखाली गेला. एवढा दांडगा गडी, गाल चोळत उठून बसला. "काहून मारलं वं आई?"

काय सांगू त्याला? तुमच्याच हातची थप्पड आठवली म्हणून? सातवीत होते मी. कामठीच्या घरी स्वयंपाकघरात बसून भारताचा नकाशा काढतेय, उत्तरेची सीमा लाल पेन्सिलीने चांगली ठसठशीत ओढलीय. तुम्ही वाकून पाहिलं, कागद टराटरा फाडला आणि माझ्या तोंडात मारली. "अशी रेघ हाय कोठं तिथं? दाखव मले!" मग माझ्या जन्माआधीची ती गोष्ट रागारागातच सांगत सुटलात. इंग्रजाच्या साहेबाने जाड निबाने नकाशावर रेघ ओढली आणि तिच्या जाडीतच अख्खी खोरी गेली. पाणी जिथून दोन्हीकडे उतरतं तो कडा आपली हद्द, असं आपण म्हणायचं. कडा हा नव्हेच, असं चिनी म्हणायचे. मधल्या जमिनीवर दोघंही गस्त घालायचे. येऊन गेलो याची खूण म्हणून तुम्ही मटणाचा रिकामा डबा दगडावर ठेवायचात, चिनी तो डबा फेकून तिथे आपलं सिगारेटचं पाकीट ठेवायचे. एक दिवस दोन्ही गस्ती एकदमच पोचल्या, आणि त्यांच्यातल्या एकाने तुमच्या देखत डबा लाथेने उडवला. गोळी झाडायची दोघांनाही मनाई. मग दगड उचलले. "टिनाच्या डब्यापायी, पोरी," तुम्ही म्हणालात, "मी त्याचं तोंड ठेचलं. दात बाहेर आले त्याचे. मंग मुंडकं धरून नाल्यात दाबलं. त्याचे पाय थांबले तवा सोबतच्या पोराईनं मले ओढलं. मेला का जगला, मले ठाव नाही."

त्याच आठवड्यात आई मोरीत माझं डोकं वाकवून केस धूत होती. शिकेकाई डोळ्यांत गेली, मी किंचाळले. तुम्ही धावत आलात, पाण्याखाली धरलेलं माझं डोकं पाहिलंत आणि आईचा हात असा पिरगाळलात की हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दवाखान्यात आई म्हणाली, "मोरीत घसरली मी." तुम्ही बाहेर बाकावर बसून रडत होता. तुमचा राग आला होता, बाबा, अजून येतो. कीवही येते, आणि कीव आली की स्वतःचाच संताप होतो.

हे सगळं मी पोराला सांगून टाकलं. वाटलं, हादरेल, काहीतरी करून बदली मागेल. त्याने खाली मान घालून ऐकलं. मग म्हणाला, "आजोबानं नसतं मारलं तर त्यानं आजोबाले मारलं असतं. मंग तू कोठून आली असती, अन् मी?" मी भूगोल शिकवते, उठून पोरांच्या नकाशाच्या वह्या तपासायला बसले. परवा तो गेला. स्टेशनवर माझ्या पाया पडला, मी त्याचे हात धरले ते सोडवेनात.

हा कागद मी कोणाला दाखवणार नाही. रोज सकाळी बुद्धवंदनेला बसते. पंचशीलातलं पहिलंच शील, कोणाचा जीव घेणार नाही, तुम्हीच मला मांडीवर बसवून पाठ करून घेतलं होतं. तेवढं म्हणून होत नाही तोच मनात येतं, वेळ आलीच तर आधी माझ्या पोराचा हात उठावा. पलीकडेही कोणाचं तरी लेकरूच असणार, कळतं मला. तरी रोज तेच मागते.