चोरांनी गाळलेलं घर

३ फेब्रुवारी, सकाळी
शेजारच्या शंकररावांकडे काल रात्री चोरी झाली. नवरा-बायको लग्नाला जळगाव जामोदला गेले होते. चोरांनी कडी तोडली, कपाट फोडलं. बेबीताईंचा हार गेला, पाटल्या गेल्या. फार वाईट वाटलं. त्यांच्याकडे पाटल्याही होत्या हे आजच कळलं.

दुपारी
अर्धं लोणार त्यांना भेटून गेलं. नगरसेवकसुद्धा. खुर्च्या कमी पडल्या म्हणून आमच्या नेल्या. माझ्याच खुर्च्यांवर बसून लोक त्यांना धीर देत होते. बुलढाण्याहून पोलिसांचा कुत्रा आला. आमच्या फाटकासमोरून गेला. मान वळवूनही पाहिलं नाही.

४ फेब्रुवारी
पेपरात शंकररावांचं नाव. 'प्रतिष्ठित व्यापारी'. मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे त्यांचं. मी सरकारी नोकरीत केस पांढरे केले. प्रतिष्ठित व्हायला घर फुटावं लागतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
ऑफिसात साहेबांनी विचारलं, माणिकराव, तुमच्याकडे नाही का आले चोर? नाही म्हणालो. साहेब म्हणाले, बरोबर आहे. त्या 'बरोबर आहे'चा दुपारभर विचार केला.
जळणं हा माझा स्वभाव नाही. कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे.

५ फेब्रुवारी
बायको, सिंधू, भाकरी थापता थापता म्हणाली, चोराले बी समजते कोणाच्या घरी जावं ते. माझ्याकडे न बघता म्हणाली. जेवण गेलं नाही.
संकल्प: घराचा बंदोबस्त. बंदोबस्त दिसला की आत काहीतरी आहे असं लोक धरूनच चालतात. मेहकरहून बाजारातलं सगळ्यात मोठं कुलूप आणलं. सुतार म्हणाला, या दाराले एवढं कुलूप लावसान तर दारच खाली येईन. म्हणून फाटकाला लावलं. फाटक थोडं वाकलं आहे, पण लांबून छान दिसतं.

७ फेब्रुवारी
कॉलनीची सुरक्षा समिती होणार. अध्यक्ष शंकरराव, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं आहे. त्यांना अनुभव आहे म्हणे. कसला अनुभव? चोरी झाली तेव्हा ते घरीही नव्हते, लग्नात जिलेबी खात होते. चोरी न होऊ देण्याचा अनुभव माझा आहे. इतक्या वर्षांत आमच्या घरून चमचा गेलेला नाही. पण याची कोणाला किंमत?
मला अध्यक्षपदाचा मोह नाही. फक्त ते त्यांना मिळू नये.

८ फेब्रुवारी, सकाळी लवकर
चोर काल रात्री परत आले नसतील कशावरून? आले असतील. कुलपाशी झटले असतील. नाही जमलं म्हणून हात हलवत गेले असतील. म्हणजे कुलपावर खूण हवी. नीट पाहिलं. खूण अगदीच अस्पष्ट होती. पेचकसाने स्पष्ट केली.

संध्याकाळी
दिवसभर माणसं. या वेळी खुर्च्या शंकररावांकडून आणल्या. सगळ्यांनी कुलपावरून हात फिरवून पाहिला. कोणीतरी विचारलं, एवढं काय हाये हो घरात? मी नुसता हसलो. एकाने त्या हसण्याचा अर्थ दहा तोळे असा काढला. मी नाही म्हणालो नाही.
जमादार नागसेन येऊन लिहून घेऊन गेले. कुत्रा कधी येणार विचारलं. एवढ्याशा ओरखड्यासाठी कुत्रा येत नाही म्हणे.
बेबीताई म्हणाल्या, बरं झालं भाऊ, तुमचं तरी वाचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विषय बदलला.
सिंधूने विचारलं, पेचकस पलंगाखाली काऊन हाये? पेचकस उचलून माळ्यावर टाकला.

१० फेब्रुवारी
अध्यक्ष झालो. एकमताने. माझं नाव खुद्द शंकररावांनीच सुचवलं. त्यांची हीच गोष्ट मला खपत नाही, दुसऱ्याला काही मिळालं तरी मोठेपणा तेच घेऊन जातात.
भाषण चांगलं झालं. रात्री गाड्यांना साखळ्या लावायच्या, गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जायचं, असे ठराव केले. गस्तीच्या पाळ्या लावून दिल्या. माझी पाळी सगळ्यात शेवटी आहे. अध्यक्षाने ताजंतवानं असावं.

१३ फेब्रुवारी
चोर सापडला. हार मिळाला, पाटल्याही मिळाल्या. म्हणजे पेपरात पुन्हा शंकररावच. एका चोरीत दोनदा.
उद्या पोलीस चोराला घेऊन येणार, कुठे कुठे शिरला ते दाखवायला. नागसेन म्हणाले, तुमचंही फाटक दाखवू. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. एवढं कुलूप चोर विसरणं शक्य नाही.

१४ फेब्रुवारी
चोर माझ्याच वयाचा निघाला. शंकररावांकडे त्याने सगळं भराभर दाखवलं. मग कॉलनीसकट आमच्या फाटकाशी आला. मी कुलपाशेजारीच उभा होतो. त्याने कुलूप पाहिलं, मला पाहिलं, म्हणाला, या घरी नाई आलो साहेब. नागसेननी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मीसुद्धा म्हणालो, नीट आठव.
तेव्हा तो म्हणाला, खोटं काऊन बोलू? घरं पाहाले म्हणून मी कुकर दुरुस्तीवाला होऊन आधी गल्लीत फिरलो. इथं ओट्यावर बसलो होतो. बाईनं चहा पाजला आन् घरचं सगळं सांगितलं. मले ऐकवलं नाई. कुकर नीट करून देल्ला, पैसे बी नाई घेतले.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
सिंधू दारातून नागसेनना म्हणाली, हाव, हाच तो. चांगला माणूस हाये, शिट्टी अजून बराबर होते.

रात्री
बेबीताईंनी जेवणाचा डबा पाठवला. काही लागलं तर हक्काने सांगा, असा शंकररावांचा निरोप. जेवलो. भाजी चांगली होती.
डबा स्टीलचा आहे, पाच कप्प्यांचा. असा आमच्याकडे नाही.