शून्य पाणघुशी

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे! घर छोटं, समुद्रबांधाला टेकून बसलेलं. मागची भिंत बांधातच रुतलेली. माझ्या बायकोला, फेमकेला, आठवा महिना. डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठायचं नाही अशी तंबी दिलीय, म्हणून तिची खाट मी मागच्या भिंतीशी लावली, तिथे वारा लागत नाही. पाणघुशी पकडायची नोकरी म्हटल्यावर सासरे म्हणाले होते, जावई घुशी मारणार, मुलीनं भाग्य काढलं. म्हणू देत. या घुशी बांध पोखरतात आणि आमचा सगळा मुलूख समुद्राच्या पातळीखाली आहे.

७ फेब्रुवारी
वीबे हा इथला जुना घूसपकड्या. त्याने काम शिकवलं. पाण्यातून काठाकाठाने बूट घासत चालायचं, बीळ पायाला लागतं. मग वरून सळई खुपसायची. सर्रकन गेली की खाली पोकळ. गेलं वर्षभर त्याच्या पिंजऱ्यांत एकही घूस आली नाही. आनंद ज्याचा, केक त्याचा, ही आमची रीत. शून्याचा केक त्याने बांधखात्याच्या सगळ्या कचेरीला खिलवला. कचेरीने खुशीत उरलेल्या चौघा पकड्यांना दुसरीकडे धाडलं, चौघांच्या जागी मी एकटा.

१२ फेब्रुवारी
पिंजरे रिकामे, काठावर बीळ नाही. सहज गंमत म्हणून बांधाच्या माथ्यावर, मेंढ्या चरतात तिथे, सळई टेकवली. मुठीपर्यंत गेली. वीबे म्हणाला, सशाचं बीळ असेल, नव्या माणसाला जिथे तिथे भुतं दिसतात.

१५ फेब्रुवारी
वीस जागी टोचलं, वीसही जागी पोकळ. शेवटच्या जागी सळई खालून धरली गेली. ओढली नाही, नुसती धरली. वीबेने हात लावून पाहिलं, सळई हलेना. मग म्हणाला, घुशी पाण्यात येतच नाहीत रे, बांधाच्या आतल्या आत राहतात, आणि मी मूर्ख केक वाटत फिरलो. हे लिहिताना मला भीती वाटतेय.

१६ फेब्रुवारी
कचेरीतल्या बाई फोनवर हसल्या. म्हणाल्या, शून्यावर वीबेचीच सही आहे, उद्या-परवा वादळ येतंय, ते सरल्यावर बघू. वीबे सकाळीच खणायला गेला. माथ्यावर फावडं उभं आहे. वीबे नाही. हाका मारल्या —

१७ फेब्रुवारी
फेमके म्हणते, भिंतीतून कुणीतरी ढुशी मारतं आणि लगेच पोटातलं बाळ ढुशी मारतं. हसत होती. तिला इथून हलवायला रुग्णवाहिका बोलावली. बांधावरचा रस्ता खचलाय, येता येणार नाही म्हणाले.

१८ फेब्रुवारी, दुपार
भरती. भिंत ओली. बोट लावून चाटलं — खारट. फेमकेला उचलायला गेलो तर कळा सुरू. दार उघडलं — अंगण नाही, नुसता खड्डा, पाणी. वही प्लास्टिकमध्ये गुंडाळतो. सापडेल त्याने रिकाम्या पिंजऱ्यांवर विश्वास —
ती विचारतेय, काय लिहितोस. बाळाचं नाव, म्हणालो. मग वाच म्हणते. मुलगी झाली तर माझ्या आईचं, मुलगा झाला तर —