तिसऱ्या रेघेवरची फुली

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. शाळेतून आले तर मिलिंद मी सकाळी बसवून गेले होते तसाच खिडकीशी. शेजारच्या कमलबाईंनी दुपारी चार घास भरवले म्हणे. लकवा मारल्याला आठ महिने झाले. उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही एकाच सकाळी गेल्या.

(तोंडावर 'अहो', वहीत 'मिलिंद'. वही काही त्याला सांगायला जात नाही.)

चहा पाजताना मोबाइल समोर धरला. एक तपकिरी पिल्लू स्वतःच्याच शेपटीमागं गोल गोल फिरलं आणि धपकन पडलं. मिलिंद हसला. चांगला आवाज काढून. चहा माझ्या साडीवर सांडला. परत लावलं, परत हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

मला रडू आलं. त्याच्यासमोर नाही, स्वयंपाकघरात.

४ नोव्हेंबर

व्हिडिओखाली 'विकणे आहे' आणि नंबर. आधी मेसेज टाकला. पाच मिनिटांत त्याचाच फोन आला.

"जय भीम ताई. तुमचा फोटो बघितला, घरातली बुद्धमूर्ती दिसली. म्हणलं, आपल्याच घरचा मेसेज हाय."

मूळचा नांदेडकडचा, आता हैदराबादला असतो. कुत्री पाळायचा धंदा. मिलिंदचं सांगितलं तर म्हणाला, दादाला बरं वाटत असंल तर नफा घ्यायचा न्हाई. किती दिवसांनी कुणी मिलिंदला दादा म्हटलं.

मिलिंद चुडावा स्टेशनला पॉइंट्समन होता, गाड्यांचे रूळ बदलायचा, तेव्हा तिथं एक कुत्रा होता. गाडी सुटली की भुंकायचा, म्हणून मिलिंदनं त्याचं नाव गार्डसाहेब ठेवलं होतं. डब्यातली अर्धी भाकरी त्याची. तो गेला त्या दिवशी हा जेवला नव्हता. हे सगळं त्या फोनवरच्या माणसाला मी का सांगत बसले कोण जाणे.

६ नोव्हेंबर

बुकिंगचे पैसे पाठवले. आज तीन नवे व्हिडिओ. पिल्लू झोपलेलं, पिल्लू दूध पिताना, पिल्लू चप्पल चावताना. मिलिंद डाव्या हाताच्या बोटानं स्क्रीनवर त्याचं कपाळ खाजवत होता. फिजिओवाला मुलगा चार महिने मागं लागलाय, निदान चांगल्या हातानं तरी काहीतरी करा.

९ नोव्हेंबर, रवि.

लसीचे झाले, आता पिंजऱ्याचे मागतोय. म्हणे परत मिळणार, पिल्लू हातात आलं की.

शेजारच्या वर्गाच्या अर्चना मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी व्हिडिओ कॉल कर, तो माणूस आणि पिल्लू दोघं एकदम दिसले पाहिजेत, त्याला सांग पिल्लाचा पुढचा पाय वर कर. डोळ्यानं बघितल्याबिगर एक रुपया देऊ नको.

व्हिडिओ कॉलचं विचारलं. कॅमेरा बिघडलाय म्हणाला. आणि मग जरा दुखावल्यासारखा, "ताई, दुसऱ्यांचं सोडा, तुमाला पण आपल्या माणसावर भरोसा न्हाई?"

मीच ओशाळले. 'माफ करा दादा' असं टाइप करून पाठवलं. वर पिंजऱ्याचेही. व्हीलचेअरसाठी बाजूला काढलेल्यातून. नाहीतरी मिलिंद खुर्चीत बसून बाहेर जायला तयार नाहीच. स्टेशनवरची माणसं भेटायला आली की भिंतीकडं तोंड करतो.

अर्चना मॅडमना सांगितलं नाही.

१० नोव्हें., सोम.

निघालं! हैदराबादहून पार्सलनं. बुधवारी दुपारच्या गाडीनं आपल्या पूर्णा स्टेशनला. मेसेज मिलिंदला मोठ्यानं वाचून दाखवला, गाडीच्या नावासकट.

वाटलं होतं खूश होईल. तर एकदम बिथरला. मान हलवायला लागला, मोबाइल ढकलला, स्टुलावरचा पेला खाली. फुटला नाही, स्टीलचा. तोंडातून नुसता घोगरा आवाज. फिजिओवाला म्हणतो, असे मूड येतात, मनावर घेऊ नका. मी घेतलं. ओरडले त्याच्यावर. म्हटलं, तुमच्यासाठीच करायलेय ना सगळं?

तासाभरानं पाटी मागितली, खुणेनं. शाळेतून आणलेली दगडी पाटी, हाताच्या व्यायामाला; अक्षरं वाचेबरोबरच गेली, रेघा तेवढ्या जमतात. डाव्या हातानं रेघा काढल्या. सात उभ्या, बऱ्यापैकी सरळ! तिसरीवर फुली मारली. मग पेन्सिलीनं त्या फुलीवर टकटक, टकटक, माझ्याकडं बघत. छान छान म्हटलं. फोटो काढून फिजिओवाल्याला पाठवला. त्याचा अंगठा आला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अर्धी रजा टाकली. टोपली, जुना टॉवेल, दुधाची बाटली. निघताना मिलिंदनं डाव्या हातानं माझा पदर धरला. सोडेचना. सोडवून गेले.

स्टेशनवर सय्यदभाई भेटले. मिलिंदबरोबर वीस वर्षं चुडाव्याला होते, आता पूर्णेला. टोपली बघून हसले, वहिनी, मासे आणायला चाललात का येलदरी धरणावर? मी गाडीचं नाव सांगितलं.

त्यांचं हसू गेलं. "वहिनी, ही गाडी बुधवारी न्हाई धावत. बाकी सहा दिवस हाय. बुधवारी कधीच नव्हती."

मी म्हटलं, स्पेशल असेल. ते आत जाऊन विचारून आले. स्पेशल नाही, पार्सल नाही, माझ्या नावाचं काहीच नाही. बाकावर बसवून मला पाणी दिलं. फोन लावला तर उचलत नाही.

सव्वीस वर्षं रेल्वेवाल्याची बायको आणि गाडीचा वार बघितला नाही.

घरी आल्यावर मिलिंदनं टोपलीकडं बघितलं. मी म्हणाले, "गाडी लेट आहे."

१३ नोव्हें.

मिलिंदच्या ड्युटीच्या पिशवीतून त्याची खिशातली वही काढली. मला माहीत होतं आत काय असणार. तरी बघितलं. प्रत्येक गाडीच्या नावापुढं सात उभ्या रेघा, सोमवारपासून. ज्या वारी गाडी नाही त्या रेघेवर फुली. वर्षानुवर्षं स्वयंपाक करता करता ही वही मी बघितलीये.

ती गाडी चौथ्या पानावर. तिसरी रेघ, फुली.

पाटी अजून कोपऱ्यात होती. पुसली नव्हती मी. फिजिओवाल्याला फोटो पाठवला, कमलबाईंना दाखवली, फक्त वाचली नाही. आठ महिने सगळ्यांना सांगतेय की ह्यांना सगळं कळतं, नुसतं बोलता येत नाही. सांगतेय खरं.

१४ नोव्हें.

आजही 'लेट आहे' म्हणाले. गाडी दोन दिवस लेट, आणि सांगतेय कुणाला तर पॉइंट्समनला! त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खिडकीकडं. मला त्याच्यासमोर बसवेना, उगाच भांडी घासत राहिले. घासलेलीच.

१५ नोव्हें., शनि.

शाळेत सायबर सुरक्षेचा तास माझ्याकडंच असतो. 'ओटीपी कुणालाही सांगणार नाही' ही शपथ चौथीकडून दर महिन्याला मीच म्हणवून घेते. त्यानं ओटीपी मागितलाच नाही. त्यानं जय भीम म्हटलं. ते तक्त्यावर कुठं लिहिलेलं नव्हतं.

आज शपथ झाल्यावर पोरांना म्हटलं, लिहून घ्या. वस्तू असो की जनावर, आधी जाऊन बघायचं. जाता येत नसेल तर घ्यायचं नाही. आणि पैसे मागणारा माणूस गोड बोलला, आपल्या जातीचा, आपल्या गावचा निघाला, तर अजून एक दिवस थांबायचं. 

संध्याकाळी त्याचा फोन! पिल्लू वाटेत आजारी पडलंय, डॉक्टरचे पाठवा, न्हाईतर मरंल. पाठीमागून कुईकुई ऐकू येत होतं. मला सगळं माहीत होतं, तरी हात पैसे पाठवायच्या ॲपवर गेला. पिन टाकायचा राहिला होता. पलंगावरून आवाज आला, तोच घोगरा. मिलिंद बघत होता. मी फोन ठेवला.

ह्या वेळी ऐकलं.

१७ नोव्हें.

सायबर पोलिसांकडं तक्रार केली. साहेब चांगला होता, तरणाच. म्हणाला, मॅडम, त्याच दिवशी कळवायचं होतं, पैसे अडवता आले असते. मी पाच दिवस लाज बाळगत बसले होते, ते पाच दिवस त्याला मिळाले. मेसेज, नंबर, पावत्या सगळं दिलं. नंबर ब्लॉक केला. फोनवरचं त्याचं 'जय भीम' सांगताना आवाज फुटला माझा. पैशाचं समजा होईल काहीतरी. पण आता कुणी जय भीम म्हणालं की मी आधी त्याचा चेहरा बघते. परवा वर्गातल्या पोरीचा बाप तसं म्हणाला, गरीब माणूस, ऊसतोडीला निघायच्या आधी दाखला न्यायला आला होता. मी दोन क्षण उत्तरच दिलं नाही. ह्याचा राग सगळ्यात जास्त आहे.

२१ नोव्हें.

अर्चना मॅडमना शेवटी सगळं सांगितलं, त्यांनी व्हिडिओतल्या चित्रावरून इंटरनेटवर शोध घेतला. तेच पिल्लू, तीच चप्पल, भलत्याच देशातल्या कुणाच्या तरी घरातली. व्हिडिओ चार वर्षांपूर्वीचा.

म्हणजे ते पिल्लू आता मोठा कुत्रा आहे, आणि त्याच्या घरी नीट आहे. मला बरं वाटलं. मूर्खासारखं, पण वाटलं.

२३ नोव्हें., रवि.

सांगितलं. स्टूल ओढून त्याच्या डाव्या बाजूला बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. बुकिंग, लस, पिंजरा, खुर्चीचे पैसे, स्टेशन, लेट गाडी. वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली, शेजारी पाटी.

"तुमी सांगितलं होतं," म्हटलं. "मी बघितलं न्हाई."

त्यानं डोळे मिटले. मग कोपरानं पाटी पुसली, सगळी, आणि भिंतीकडं तोंड केलं. सय्यदभाईंसाठी करायचा तसं. माझ्यासाठी कधी केलं नव्हतं.

२६ नोव्हें., बुध.

संविधान दिन. पोरांनी उद्देशिका चांगली म्हटली. घरी सगळं तसंच. जेवतो, औषध घेतो, माझ्याकडं बघत नाही. मोबाइल समोर धरत नाही मी.

सय्यदभाई येऊन गेले. मिलिंद भिंतीकडंच. ते त्या पाठीशीच बोलले. चुडाव्याला क्वार्टरच्या मागं कुत्री व्यालीय, गार्डसाहेबाच्याच खानदानातली, चार पिल्लं. पैशाचा सवाल न्हाई. "पन भाऊ, तुमी स्वतः यायचं. बघून, हात लावून घ्यायचं. मी आणून देणार न्हाई."

मिलिंद हलला नाही. पण कान लाल झाले होते. आतून हलला की होतात, ते मला ओळखू येतं.

३० नोव्हेंबर, रवि.

सकाळी पाटी धुऊन त्याच्या मांडीवर ठेवली. विचारलं, चुडाव्याला जायचं का? जायचं तर कोणत्या वारी, त्या रेघेला गोल करा. सय्यदभाई आणि त्यांचा भाऊ धरून रिक्षात बसवतील, खुर्ची नसली तरी जमेल. नको असेल तर कोरी ठेवा, मी परत विचारणार नाही.

 मी अर्धा तास तांदूळ निवडत बसले, मुद्दाम लांब.

मग पेन्सिलीचा आवाज. एक रेघ, दुसरी.  सात झाल्या. मी जागची उठले नाही.

सगळ्यात आधी तिसरीवर फुली मारली आणि मान वळवून माझ्याकडं बघितलं. आठवड्यानं. टोमणा आहे, की थट्टा, की नुसती सवय, मला अजून कळलेलं नाही. हसू नाही चेहऱ्यावर. पण बघितलं.

आता पेन्सिल उरलेल्या सहा रेघांवर फिरतेय. गोल करतो की सगळ्यांवर फुल्या मारतो, ठाऊक नाही. मध्येच चौथीवर थांबला होता, परत पुढं गेला. मी शेजारी येऊन बसलेय, हे लिहितेय, आणि दर ओळीनंतर पाटी बघतेय.