आधी वजन

६ जानेवारी
वहीबाई, काल कुठंवर सांगतलं होतं? नाही ना आठवत. मले एक अक्षर येत नाही, तरी सत्तर साल डोक्यात आहे. तू कोरीची कोरी. — लिही समीक्षा, हसू नको.

हेच नात, समीक्षा, नागपूरहून आली, संग लॅपटॉप. तीन साल एकच गणित. सात समीकरणं; सातही एका वेळेस खरी ठरतील असा एक बिंदू आहे, असं तिचं म्हणणं. प्रबंध त्यावरच उभा. महिनाअखेर द्यायचा. मशीन अकरा दिवसांपासून घरघर करून राह्यली.

९ जानेवारी
चालूच.

११ जानेवारी
इचारलं, करते काय ते?
"आजी, दर समीकरणात एक पद पुढारी ठरवते. दोघांचे पुढारी एकमेकांत कापले का मागचा पुढं येते, त्यालेही समीकरणांच्या टोळीत घेते. नवे येणं थांबलं का झालं."
"पुढारी ठरते कसा?"
"शब्दकोशावानी. आधी एक्स पाहायचा. एकटा एक्स दहा वायच्या गुणाकाराच्याही पुढं. असं लावलं का बिंदू सरळ वाचता येते."
एक नवरदेव, दहा वऱ्हाडी! तिरोडीच्या खाणीत मी मँगनीज निवडत होती. आधी रंग पाहणारीची रास सांजवर होत नसे. काळा गोटा फसवते. आधी वजन, सारखं भरलं तरच रंग.
"आधी पदाचं वजन, म्हणजे त्यात किती अक्षरं ते मोजायची, ते रीतही आहे आजी. लवकर होते."
"मंग काहून नाही लावली?"
लॅपटॉप जवळ ओढला. — आधी हे लिही.

१२ जानेवारी
लावली. चहा निवाच्या आत मशीन थांबली. पडद्यावर निस्ता एक.
मी म्हणलं, "एक तं भेटला."
म्हणे, टोळीत एक हा आकडा शिरला का एक बरोबर शून्य होते; मंग समजायचं, असा बिंदू कुठंच नाही. तीन साल नसलेल्याले शोधलं.
मशीन आणखी घरघरली असती तं काय बिघडलं असतं? माझंच तोंड.

१५ जानेवारी
आज सून अंजू लिहून राह्यली. पोरगी वहीले हात लावत नाही. काल संक्रांतीचा लाडूही तसाच. लॅपटॉप कोठीत, तांदळाच्या पोत्यावर. बाप म्हणे, उकव्याच्या शाळेत मास्तरणीची जागा आहे. पोरगी म्हणे, "हौ." हौ म्हणणारी पोरगी नव्हती ते.

२० जानेवारी
सकाळच्या गाडीनं गेली. पोत्यावर लॅपटॉप नाही, चिठ्ठी आहे. अंजूनं वाचली: "असा बिंदू नाही, हेच लिहिते. पहिल्या पानापासून." अकरा दिवस उरले. होत नाही, मले समजते. अंजू, वही मिट. चैतराम ड्रायव्हरची नागपूरची बस दुपारी आहे. त्याच्या संग पोरीसाठी तिळाचे लाडू अन् लाखोरी डाळीचे वडे दे. जड डबा आधी, खाली.