भिंतीवर गाडीच्या दिव्यांची रेघ

नांदुरा. रविवार, ४ डिसेंबर १९६६

सकाळी दवाखान्यात निघण्यापूर्वी दादा माझ्या खोलीत डोकावला. "मास्तर, गाडीचे दिवे मंद पडले. मोठे बल्ब बसवून दे. पोरांना प्रकाश शिकवतो ना तू? घरी बी पाड थोडा."

थोरल्या भावाने काम सांगावे आणि ते नेमके आपल्या विषयाचे असावे, यासारखे सुख नाही. सध्याचे बल्ब पस्तीस वॅटचे आहेत. पंचेचाळीसचे चालतील. मात्र नुसता बल्ब बदलून भागत नाही. उजेड वाढला की समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा उजेडही वाढतो, आणि या दिवसांत समोरचा म्हणजे बैल. कापसाच्या गाड्या रात्रभर चालून पहाटे बाजारात पोचतात. गाडीवान कापसाने भरलेल्या बोंदऱ्यांवर झोपलेला, बैल आपल्या आठवणीने वाट काढणारे. त्यांचे डोळे दिपले तर गाडीला कोणीच धनी उरत नाही.

दादाला हे सांगायची गरज नाही. बैलांसाठी दुरूनच दिवे खाली करणारा डॉक्टर म्हणून पूर्णा नदीपर्यंतचा रस्ता त्याला ओळखतो.

गुरुवार, ८ डिसेंबर

अकोल्याहून बल्ब आले. शाळेनंतर उजवा दिवा उघडला. आतला आरसा अजून चांगला आहे. तत्त्व साधे आहे : बल्बमधली तार आरशाच्या नाभीपाशी नेमकी बसली पाहिजे. केसभर सरकली तरी किरण वाट सोडून वर फाकतात. खोबणी साफ केली. वायरी जुन्या होत्या, जास्त प्रवाहाने तापल्या असत्या, म्हणून जाड घातल्या.

एक गोष्ट चमत्कारिक वाटली. दिव्याच्या काचेच्या वरच्या भागाला काळा रंग असतो, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. तो दोन्ही काचांवरून पात्याने खरवडून काढलेला. दादाला विचारले. "पोपडे निघत होते." पुन्हा रंग दिला. तो बघत उभा होता.

शनिवार, १० डिसेंबर

आज मुख्य प्रयोग. टायरांत हवा सारखी केली आणि आवाराच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर, सपाट जागी, गाडी उभी केली. दिव्यांच्या मध्याची उंची भिंतीवर घेतली आणि तिच्या थोडी खाली कोळशाने आडवी रेघ ओढली. खाली केलेल्या दिव्याच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या वर जाता कामा नये. झाले. एवढेच शास्त्र. रस्त्यावरच्या सगळ्या माणुसकीला एक कोळशाची रेघ पुरते.

वहिनी तुळशीपाशी दिवा लावून आल्या. "भाऊजी, एवढी सरळ रेघ मारली, आता तिला हळदकुंकू लावू का?"

वरच्या स्क्रूने दोन्ही झोत रेघेखाली आणले. दादाला म्हटले, ये, बघ. "हो, बरोबर आहे," म्हणाला. गाडीत न बसताच.

मंगळवार, २० डिसेंबर

पूर्णाकाठचा सुखदेव शाळेच्या फाटकाशी उभा होता. दरवर्षी याच रस्त्याने कापूस आणतो. त्याच्या धाकट्या दोन्ही मुली दादाच्या हातांवर जन्मल्या.

"गुरुजी, डॉक्टरसाहेबाच्या गाडीले काय लावून देलं तुम्ही?"

त्याने सांगितले, काल रात्री समोरून दादाची गाडी आली. दिवे खाली झालेच नाहीत. बैल बिथरले, गाडी नालीत कलंडली. पांढऱ्या बैलाचा पाय सुजला. कापूस चिखलात.

"पह्यले दुरूनच बत्ती खाली व्हाची. आमच्या बैलायले बी मालूम होती ते गाडी. म्या झोपेतच म्हनो, डॉक्टर चालले. साहेबाले सांगू नका बरं, उतरून त्यायनंच बैल सोडवले. बिचारे लय कसेतरी झाले होते."

रागावला असता तर बरे झाले असते.

रविवार, २५ डिसेंबर

कारण सापडले असे वाटते! प्रयोग मी रिकाम्या गाडीवर केला. दादा मात्र मागे रोगी आणि त्याचे दोन नातेवाईक घेऊन येतो. मागचा भाग दबतो, नाक उचलते, झोत रेघ ओलांडतो. भरल्या गाडीवरच मांडणी केली पाहिजे. हे आधी सुचायला हवे होते, पण चूक सापडण्याचाही एक आनंद असतो.

संध्याकाळी मागे वहिनी, पुतणी सुधा आणि ज्वारीचे पोते. दादा चाकाशी. मी पुढे स्क्रूवर. म्हटले, दादा, मी झोत वर नेतो, कड रेघेला टेकली की थांब म्हण.

फिरवत गेलो. कड टेकली. दादा गप्प. अजून फिरवले. कड वीतभर वर. "अजून," दादा म्हणाला.

मागून सुधा : "बाबा, कवाचीच वर गेली. कुठे पाहून राह्यले?"

दादा हसला. "पेशंटच्या विचारात होतो बे."

स्क्रू उलटा फिरवून झोत जागेवर आणला. पोते उतरवून मी चाकाशी बसून पाहिले. रेघ ठळक दिसत होती.

मंगळवार, ३ जानेवारी १९६७

वर्गात नेहमी सांगतो : एकेक शक्यता काढून टाका, उरेल ते कारण. बल्ब नवे. आरसा चांगला. वायरी जाड. झोत रेघेखाली, रिकाम्या गाडीतही आणि भरल्याही. यादी संपली. मी मात्र आज दुपारी पुन्हा बॅटरी तपासली. तिच्यात काही दोष नव्हता, हे तपासण्यापूर्वीच ठाऊक होते.

सोमवार, ९ जानेवारी

दवाखाना बंद होताना गेलो. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. "काऊन रे मास्तर, तोंडी परीक्षा का?"

मग सरळ सांगितले, रोग्याला सांगतो तसे, शांतपणे. दिवाळीत अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आला होता. पडद्याचा विकार. चष्मा नाही, शस्त्रक्रिया नाही. आधी अंधारातले जाते, मग कडेचे, मग... "मग काय, मधातलं. तुह्या आरशाची नाभी."

दिवे खाली का करत नाहीस? "खाली केले की मले रस्ताच राहत नाही."

काचेचा काळा रंगही त्यानेच खरवडला होता.

ड्रायव्हर ठेव म्हटले. "डॉक्टरचे डोळे गेले हे एकदा कळलं, की दिवसाही सुई टोचून घ्यायला कोणी येनार नाही. सुधाचा साखरपुडा होऊ दे. तुह्या वहिनीले तोवर सांगू नको."

मोठे बल्ब मी बसवले. जे उजळायचे होते ते गाडीत नव्हतेच.

मंगळवार, १० जानेवारी

करार ठरला. किल्ली माझ्याजवळ. अंधार पडल्यावर बोलावणे आले, तर दादाने आधी चाकाशी बसून दिवे लावायचे (या गाडीचे दिवे किल्लीशिवाय लागतात) आणि भिंतीवरची रेघ पाहायची. दिसली तर किल्ली. नाही दिसली तर स्टेशनवरचा टॅक्सीवाला नेईल. मला गाडी चालवता येत नाही. चाळीस वर्षांच्या आयुष्यात ही उणीव आजच जाणवली.

शनिवार, २८ जानेवारी

रेघ तीनदा दिसली, दोनदा नाही. न दिसली त्या दोन्ही वेळा त्याने स्वतःच सांगितले. "नाही रे आज." टॅक्सीत मागच्या बाजूला बसून गेला, बॅग मांडीवर, नव्या पाहुण्यासारखा. वहिनींनी विचारले, आपली गाडी असताना टॅक्सी काऊन? मी म्हटले, कारब्युरेटर. खोटे बोलतानाही मी अचूक शब्द वापरतो.

सोमवार, १३ फेब्रुवारी

दिवेलागणीला सुखदेव सायकल दामटत आला. सून अडली आहे. सुईण हात टेकून बसली. टॅक्सीसाठी स्टेशनवर शेजारच्या मुलाला पाठवले. टॅक्सीवाला लग्नाला गेलेला.

दादा चाकाशी बसला. दिवे लावले. मी भिंतीकडे पाहिले आणि गार पडलो. साखरपुड्यासाठी वहिनींनी सकाळीच आवाराला चुना दिला होता. भिंत पांढरीशुभ्र. रेघ नाही.

"दिसून राह्यली," दादा म्हणाला. "आज तर फारच चांगली दिसते."

सुखदेव मागे बसलाही होता. दादाने हात पुढे केला. मी किल्ली दिली आणि डाव्या दाराने आत शिरून त्याच्या शेजारी बसलो.

वाटभर मी बोलत होतो. वर्गात बोलतो तसा, सावकाश. पुढे वळण, उजवीकडे. नाल्यावरची फरशी. आता सरळ. समोर कंदील हलताना दिसला की म्हणायचो, "गाडी." मग त्याच्या डाव्या पायाखालचे बटण वाजायचे, दिवे खाली जायचे, आणि तेवढा वेळ माझ्या आवाजावर आम्ही तिघे चालायचो. बैल शांतपणे बाजूने जायचे.

मागून सुखदेव म्हणाला, "साहेब, बत्ती पह्यलेसारखी खाली होऊन राह्यली बरं. बैलायनं वयखलं तुमाले."

दादाने मान हलवली.

मुलगा झाला. आई सुखरूप. कंदिलाच्या उजेडात दादाचे हात एकदाही चुकले नाहीत; ते डोळ्यांना विचारतच नव्हते.

तसेच बोलत परतलो. आवारात त्याने गाडी भिंतीसमोर थांबवली.

"मास्तर, चुन्याचा वास मलेही येतो."

मी पांढऱ्या भिंतीकडे पाहिले.

"उद्या परत मार रेघ. जरा जाड मार."

किल्ली त्याने माझ्या तळहातावर ठेवली.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

शाळेतून लवकर आलो. चुलीतून कोळसा निवडून घेतला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कालच पांढरी केली भिंत. पाहुणे येनार. आता कायची रेघ?"

साखरपुड्यापर्यंत त्यांना खरे सांगायचे नाही, आणि संध्याकाळ होत आली आहे. कोळसा हातातच आहे.